आई-बाबांचा म्युनिक–प्राग–व्हिएन्ना–साल्झबुर्ग प्रवास : पास घ्यावा की सुटी तिकिटे?

सप्रेम नमस्कार मंडळी,

येत्या जूनमध्ये माझे आई-बाबा नाशिकहून आमच्याकडे राहायला येत आहेत. दोघांचीही साठी उलटली आहे. त्यांना प्राग, व्हिएन्ना आणि साल्झबुर्ग रेल्वेने दाखवून म्युनिकला परतायचे, प्रत्येक ठिकाणी दोन-तीन मुक्काम करायचे आणि मीही सोबत जायचे, एवढे ठरले आहे. तिकडच्या एका प्रवासी कंपनीने युरेल पास (युरोपातील अनेक देशांच्या रेल्वेत चालणारा पास) आताच घेऊन टाका, असा आग्रह धरला आहे. तो खरोखर स्वस्त पडतो का, आणि तोच मलाही चालेल का? शिवाय बाबांना एकदा तरी रात्रीच्या गाडीने जायची हौस आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

— मृ. जो., म्युनिक

*

मृ. ताई, नमस्कार.

युरेल हा युरोपाबाहेर राहणाऱ्यांसाठीचा पास आहे. आपण येथील रहिवासी असल्यामुळे आपल्याला इंटररेल हा युरोपातील रहिवाशांसाठीचा तसाच पास घ्यावा लागेल आणि त्यावर राहत्या देशात बाहेर पडण्यासाठी एक व परतण्यासाठी एक, एवढाच प्रवास करता येतो. चार प्रवासदिवसांचा पास, साठीवरील प्रवाशांची दहा टक्के सवलत धरूनही, माणशी अडीचशे युरोंच्या आसपास जातो; उलट आपले चारही टप्पे वेळेवर सुटे काढले, तर माणशी शंभर युरोंच्या आत बसायला हरकत नाही. पासाचे पैसे आपण मुख्यतः मनात येईल तेव्हा गाडी पकडण्याच्या मोकळिकीसाठी मोजतो. आपल्या तारखा आणि मुक्काम ठरलेले असताना ती मोकळीक विकत घेण्याचे कारण मला दिसत नाही. पॅरिस किंवा मिलान जोडण्याचा विचार असेल, तर हेही लक्षात ठेवावे की फ्रान्सच्या तेजेव्हे आणि इटलीच्या फ्रेच्चारोस्सा या वेगवान गाड्यांत पासधारकालाही आरक्षणाचे वेगळे पैसे भरावे लागतात.

म्युनिकहून प्रागला रेगेन्सबुर्ग आणि प्लझेनमार्गे थेट गाड्या आहेत. साडेपाच-सहा तास लागतात. या टप्प्याचे भाडे जर्मन रेल्वेबरोबरच चेस्के द्राही या झेक रेल्वेच्या संकेतस्थळावरही पाहावे, कारण एकाच गाडीचे भाडे दोन्हीकडे निराळे असू शकते. प्राग–व्हिएन्ना सुमारे चार तासांचे आहे. तेथे रेजिओजेट ही खासगी कंपनीही धावते आणि तिच्या तिकिटातच आसन धरलेले असते. व्हिएन्ना–साल्झबुर्गला ऑस्ट्रियन रेल्वे आणि वेस्टबान ही खासगी कंपनी यांची स्पर्धा असल्याने भाडी आटोक्यात राहतात. मात्र गाडी कोणत्या स्थानकावरून सुटते ते तिकिटावर नीट पाहावे, कारण प्रागची गाडी व्हिएन्नाच्या हाउप्टबानहोफ या मुख्य स्थानकावर उतरवते, तर वेस्टबानच्या पुष्कळ गाड्या वेस्टबानहोफ या दुसऱ्या स्थानकावरून निघतात. शेवटचा टप्पा सर्वांत स्वस्त आहे. बायर्न-तिकीट (बव्हेरिया राज्यातील प्रादेशिक गाड्यांचे एका दिवसाचे तिकीट) साल्झबुर्गपर्यंत चालते आणि एकाच तिकिटावर पाच जणांपर्यंत प्रवास होतो, फक्त सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतरच गाडीत बसावे लागते. आपल्याकडे डॉइचलांडतिकीट (जर्मनीभर प्रादेशिक गाड्यांत चालणारे मासिक तिकीट) असेल, तर प्रादेशिक गाडीत तेही तेथून चालते. पण ते व्यक्तिगत असल्याने आई-बाबांना वापरता येणार नाही.

सुट्या तिकिटांविरुद्ध नेहमी असे सांगितले जाते की पहिली गाडी उशिरा आली आणि पुढची हुकली, तर दुसरे तिकीट वाया जाते. हा आक्षेप खरा आहे, परंतु तो एकाच दिवशी गाडी बदलणाऱ्यांना लागू पडतो. आपण प्रत्येक टप्प्यानंतर मुक्काम करणार आहात आणि प्रत्येक टप्पा थेट गाडीचा निवडता येतो, त्यामुळे ही भीती येथे उरतच नाही. खरी जोखीम निराळीच आहे : स्वस्तातील स्वस्त तिकिटे त्याच गाडीला बांधलेली असतात आणि बहुधा परत घेतली जात नाहीत. म्हणून व्हिसा हाती येईपर्यंत थांबावे आणि नंतर मात्र दिरंगाई करू नये.

रात्रीच्या गाडीविषयी : या फेरीत कोणताही टप्पा रात्र घालवण्याइतका लांब नाही. बाबांची हौस भागवायचीच असेल, तर व्हिएन्नाहून व्हेनिसला नाइटजेट ही रात्रीची गाडी जाते. पण मग खर्चाचा हिशेब पुन्हा मांडावा लागेल.

— अ. दे., आउग्सबुर्ग

*

नमस्कार. वरील सर्व मान्य आहे, फक्त दोन गोष्टी जोडतो. आपल्याकडे आरक्षित तिकीट म्हटले की डबा आणि आसनक्रमांक आलाच, असे आई-बाबा गृहीत धरतील. जर्मन आणि ऑस्ट्रियन गाड्यांत मात्र तिकीट आणि आसन या वेगळ्या गोष्टी आहेत आणि नुसत्या तिकिटावर उभे राहण्याची पाळी येऊ शकते. ज्येष्ठ सोबत असताना काही युरो वाचवण्यासाठी आसन न धरणे मला शहाणपणाचे वाटत नाही. दुसरे असे की साल्झबुर्गहून परतताना फ्राइलासिंग या सीमेलगतच्या जर्मन स्थानकात पोलीस बऱ्याचदा गाडीत चढून कागदपत्रे तपासतात. त्या दिवशी दोघांचे पासपोर्ट सामानाच्या तळाशी न ठेवता आपल्या हातातल्या पिशवीतच ठेवावेत, आणि आपले निवासपत्रही सोबत असावे.

— वि. कु., रोझनहाइम