नवा जन्म होतो कधी: बाप्तिस्म्यात की विश्वास ठेवताना?

जिज्ञासू: बायबलात योहान ३:५ मध्ये येशू निकदेम या यहुदी गुरूला सांगतो की ‘पाण्यापासून व आत्म्यापासून’ जन्मल्याशिवाय देवाच्या राज्यात प्रवेश नाही. मग तान्हेपणी बाप्तिस्मा झालेल्याचा नवा जन्म झालाच ना? काही मंडळ्या मोठेपणी पुन्हा बाप्तिस्मा का देतात?

उत्तर १: कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि लूथरन म्हणतील, झाला. तीत ३:५ मधलं ‘नव्या जन्माचं स्नान’ हा त्यांचा आधार. पुढे माणूस भरकटला तर पश्चात्ताप करून परत यायचं, पाणी पुन्हा नाही. म्हणूनच पहिला बाप्तिस्मा नीट झाला का, याची कॅथलिक चर्च बारकाईने चौकशी करतं. डोक्यावरून पाणी वाहायला हवं, नुसतं ओलं बोट टेकवलं तर शंका राहते. त्याच वेळी, पाणी ओतणाऱ्यानेच ‘पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने मी तुला बाप्तिस्मा देतो’ असं म्हणायचं. ‘मी’च्या जागी ‘आम्ही’ म्हटलेला बाप्तिस्मा अवैध, असं व्हॅटिकनने २०२० मध्ये स्पष्ट केलं. अशांना तो नव्याने द्यावा लागतो. खात्री होत नसेल तर ‘तुझा बाप्तिस्मा झाला नसेल तर’ अशी अट घालून देतात.

उत्तर २: बॅप्टिस्ट मंडळ्यांत क्रम उलटा. आधी पश्चात्ताप नि विश्वास, मग साक्ष म्हणून पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा. तान्ह्याला विश्वास कबूल करता येत नाही, त्यामुळे तो बाप्तिस्मा ते धरतच नाहीत. खरा वाद त्याच्याही आधीचा आहे: विश्वास आधी की नवा जन्म आधी? १६१८–१९ च्या डॉर्ट सभेचा (नेदरलँड्समधल्या रिफॉर्म्ड चर्चची धर्मसभा) कौल असा की पापात मेलेला माणूस (इफिस २:१) आपणहून विश्वास ठेवूच शकत नाही, पवित्र आत्मा त्याला आधी जिवंत करतो. आर्मिनियन पक्ष (डच धर्मपंडित आर्मिनियसचे अनुयायी) म्हणतो, देवाची कृपा आधी हात देते, पण माणूस विश्वास ठेवतो तेव्हाच नवा जन्म होतो.

उत्तर ३: योहान ३:५ मधलं ‘पाणी’ म्हणजे आईच्या पोटातलं, असा अर्थ काही जण लावतात. मला तो ओढूनताणून वाटतो. यहेज्केल ३६:२५–२७ काढून बघा: शुद्ध पाणी शिंपडणं, नवं हृदय, मग देवाचा आत्मा. हे शास्त्र निकदेमाला ठाऊक असायलाच हवं होतं. म्हणून तर योहान ३ च्या दहाव्या वचनात ‘इस्राएलाचा गुरू असून तुला हे समजत नाही काय?’ असा टोला बसतो.

जिज्ञासू: आणि नवा जन्म झाला हे ओळखायचं कशावरून? रडू येणं, अन्य भाषांत (न शिकलेल्या) बोलणं?

उत्तर २: रडू ही कसोटी नव्हे. अन्य भाषा पेंटेकॉस्टल शिकवणीत सहसा आत्म्याच्या बाप्तिस्म्याची खूण मानतात, आणि तो नव्या जन्माहून वेगळा. योहानाच्या पहिल्या पत्रात खुणा आहेत: येशू हाच ख्रिस्त हा विश्वास (५:१), बंधुप्रीती (३:१४), पापात रमून न राहणं (३:९). इथेच लोक अडखळतात. ३:९ एकटंच वाचलं की एक चूक झाली तरी ‘माझा जन्म खोटा’ असं वाटू लागतं. त्याच पत्रातलं १:८ सोबत वाचा: आपल्यात पाप नाही म्हणणारा स्वतःलाच फसवतो.