विकिपीडियावरील बंद पडलेली खाती आणि सदस्यनाव बदलणे

पाटी_पेन्सिल
नमस्कार मंडळी. आमच्या महाविद्यालयातल्या विकी गटाची जुनी खाती नीट लावायची आहेत. चार प्रश्न आहेत.

कार्यशाळेत काहींनी हजेरी क्रमांक घालून नावे घेतली. ती बदलायची तर कुठे अर्ज करायचा, मराठी विकिपीडियाच्या चावडीवर (तिथल्या सामाईक चर्चेच्या पानावर) की आणखी कुठे? एका विद्यार्थिनीला हवे असलेले नाव दुसऱ्या कुणीतरी घेऊन ठेवले आहे आणि मराठीत त्या खात्याचे एकही संपादन नाही. ते नाव मिळेल का? जी खाती कुणी वापरतच नाही, ती कायमची काढता येतात का? शिवाय ग्रंथालय विभागाच्या नावाने एक खाते उघडायचा विचार आहे, ते चालेल का?

दौत_टाक
खाते काढण्याचे आधी सांगतो, कारण गैरसमज तिथेच जास्त आहे. विकिपीडियाचे खाते काढून टाकता येत नाही, आणि वापरले नाही म्हणून ते आपोआप बादही होत नाही. मजकूर 'क्रिएटिव्ह कॉमन्स, श्रेय आणि समान वाटणी' परवान्याखाली असतो. कोणती ओळ कोणी लिहिली हे पानाच्या इतिहासात दिसलेच पाहिजे, आणि ते श्रेय सदस्यनावाला जोडलेले असते. खाते पुसले तर श्रेय निराधार होईल. त्यामुळे न वापरलेली खाती तशीच राहू द्या. गटाच्या यादीत नावापुढे 'सध्या सक्रिय नाही' आणि शेवटच्या संपादनाची तारीख लिहिली की पुरे. नाव यादीतून खोडू नका, माणसे परत येतात.

आता नावबदल. 2015 साली सगळ्या विकी प्रकल्पांची खाती एकत्र जोडली गेली. त्यामुळे नाव एका विकीवर बदलत नाही, सगळीकडे एकदमच बदलते. चावडीवर विनंती करून उपयोग नाही, स्थानिक प्रचालकांकडे, म्हणजे त्या विकीची देखभाल करणाऱ्या सदस्यांकडे, तो अधिकार नाही. क्रम असा ठेवा:

आधी 'माझ्या पसंती'मध्ये ईमेल घाला आणि आलेल्या दुव्यावर टिचकी मारून तो पक्का करा. ईमेल नसेल आणि पासवर्ड विसरला, तर खाते परत मिळवायचा मार्ग उरत नाही. कार्यशाळेतली बहुतेक खाती याच कारणाने अडकतात. मग लॉगिन करून मेटा-विकीवर (सगळ्या प्रकल्पांच्या सामाईक कामांच्या विकीवर) 'विशेष:ग्लोबलरिनेमरिक्वेस्ट' हे पान उघडा, नवे नाव आणि एका ओळीत कारण लिहा. 'हजेरी क्रमांक नको, वाचता येणारे नाव हवे' इतके कारण पुरते. अर्ज जागतिक नामबदल करणाऱ्या स्वयंसेवकांकडे जातो. काम सुरू झाल्यावर प्रत्येक विकीवर एकामागून एक बदल होतो, तोवर संपादन करू नका. संपादने जितकी जास्त, तितका वेळ जास्त.

ज्यांची जेमतेम चार-पाच संपादने आहेत, त्यांनी अर्ज न करता सरळ नवे खाते उघडावे आणि जुने सोडून द्यावे. मंजुरी देणारेही तेच सुचवतात.

अनुस्वार
वरच्याला जोडून, नावबदलानंतरचे. पासवर्ड तोच राहतो, पण लॉगिन नव्या नावानेच होते. ब्राउझरने जुने नाव साठवलेले असते, म्हणून दुसऱ्या दिवशी 'पासवर्ड चालत नाही' अशी तक्रार येते. सदस्य पान आणि चर्चा पान आपोआप नव्या नावाखाली जाते, जुन्या पत्त्यावर पुनर्निर्देशन, म्हणजे नव्या पानाकडे आपोआप नेणारी वाट, राहते. पानांच्या इतिहासात नवे नाव दिसते. चर्चा पानांवरच्या जुन्या सह्या मात्र बदलत नाहीत, कारण सही हा पानावर लिहिला गेलेला मजकूर असतो. त्या दुरुस्त करत बसू नका. दुवे पुनर्निर्देशनामुळे बरोबर जागी पोहोचतात.

एक काम लोक विसरतात. नाव बदलल्यावर जुने नाव दुसऱ्या कुणी घेतले तर घोळ होतो. यंत्रणा नोंदवू देत असेल तर ते लगेच स्वतःच पुन्हा नोंदवा, आणि त्या सदस्य पानावर 'हे माझे जुने नाव, आता अमुक नावाने लिहितो' असे लिहा. नाहीतर तुमच्या जुन्या सह्यांखाली उद्या दुसराच माणूस उभा राहील.

घेतलेल्या नावाबद्दल: मराठीत शून्य संपादने म्हणजे खाते रिकामे, असे धरू नका. 'विशेष:सेंट्रलऑथ' पानावर ते नाव टाका, सगळ्या विकींवरची संपादने एकत्र दिसतात. हिंदीत किंवा कॉमन्सवर (चित्रांच्या सामाईक प्रकल्पावर) त्याचे काम असेल तर विषय संपला. खरेच कुठेही काही नसेल, तर मेटावर स्टुअर्डांकडे (सगळ्या विकींवर अधिकार असलेल्या स्वयंसेवकांकडे) नामबदलाच्या पानावर ते नाव ताब्यात मागता येते. मूळ खातेदाराला कळवून महिनाभर उत्तराची वाट पाहावी लागते. माझे मत विचाराल तर एवढा खटाटोप टाळावा. नावापुढे गाव जोडले तरी काम भागते.

हलन्त
विभागाच्या नावाने खाते नको. एका खात्यामागे एकच माणूस हवा, पासवर्ड वाटून घ्यायचा नाही. शिवाय तांत्रिक अडचणही आहे. नावाची मर्यादा 85 बाइट आहे, आणि देवनागरीत प्रत्येक अक्षरचिन्ह 3 बाइट घेते. काना, मात्रा, हलन्त वेगळे मोजले जातात. 'ग्रंथालय आणि माहितीशास्त्र विभाग' हे 90 बाइट होते, म्हणजे नोंदवताच येणार नाही.

देवनागरी नावात आणखी दोन गोष्टी अडवतात. रोमन आणि देवनागरी अक्षरे एकाच नावात मिसळली तर लबाड नावे रोखणारी यंत्रणा ते नाकारते. दुसरी अडचण अर्ध्या 'र'ची, म्हणजे कऱ्हाडे, गोऱ्हे अशा आडनावांची. काही कीबोर्ड साध्या 'र'नंतर हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह टाकून तो काढतात. सदस्यनावात अदृश्य चिन्हे चालत नाहीत, आणि पडद्यावर नाव अगदी बरोबर दिसत असल्याने चूक कळत नाही. त्याऐवजी नुक्त्याचा 'ऱ' आणि हलन्त वापरा. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर 'र'चीच किल्ली शिफ्ट धरून दाबली की 'ऱ' येतो. दिसायला अक्षर तेच, पण आत जोडचिन्ह नसते.

पाटी_पेन्सिल
आभार. विभागाचे खाते रद्द. गटातले एक जण दुसऱ्या एका छोट्या विकीवर प्रचालक आहेत आणि बरेच दिवस फिरकलेले नाहीत. त्यांचे काय होते? आणि कुणाला पूर्ण बाहेरच पडायचे असेल तर?

दौत_टाक
ज्या विकीने स्वतःचा नियम केलेला नाही, तिथे 2013 पासूनचा जागतिक नियम लागतो. सलग 2 वर्षे एकही संपादन नाही आणि प्रचालकाची एकही कृती नाही, तर स्टुअर्ड त्यांना चर्चा पानावर आणि त्या समाजाला चावडीवर कळवतात, महिनाभर थांबतात, आणि उत्तर आले नाही तर अधिकार काढतात. खाते राहते. परत आल्यावर समाजाकडे अधिकार पुन्हा मागता येतात. यात अपमान मानू नये. पाने वगळण्याचा आणि सदस्यांना रोखण्याचा अधिकार असलेले, जुन्या पासवर्डचे पडीक खाते चोराच्या हाती लागले तर सगळ्या विकीला त्रास होतो. त्यांना आजच निरोप द्या, नोटिशीची वाट पाहू नका.

बाहेर पडायचे असेल तर मेटावर 'विशेष:ग्लोबलव्हॅनिशरिक्वेस्ट' आहे. नाव निनावी स्वरूपात बदलते आणि खात्याला कुलूप लागते. संपादने जागच्या जागी राहतात आणि जुन्या सह्याही पुसल्या जात नाहीत, हे अर्ज करण्यापूर्वी त्यांना स्पष्ट सांगा.