घर एक, खाणं एक, कीड एकाच्याच दातांना. तोंडातले भाऊबंद जिवाणू एकमेकांना हुसकावत का नाहीत?

तासगावची आई

नमस्कार. आमच्या धाकट्याला आता चार पूर्ण होतील. वरच्या पुढच्या दातांवर हिरडीलगत आधी पांढरे पट्टे आले, आता ते तपकिरी होऊन मधे खड्डे पडलेत. थोरली आठ वर्षांची, तिचे दात स्वच्छ. दोघं एकाच ताटात जेवतात. घरचा बेदाणा आहे, त्यामुळे येता-जाता मूठ तोंडात जाते, आणि आजी गुळाचा खडा देते तो दोघांनाही.

दाताच्या डॉक्टरांनी सांगितलं की हे स्ट्रेप्टोकोकस म्यूटन्सचं काम, पण त्याच कुळातले दुसरे स्ट्रेप्टोकोकस दात सांभाळतात. तेव्हापासून डोक्यात घोळतंय: एकाच दातावर भाऊबंद राहतात, तर जो जोरकस तो दुसऱ्याला कायमचा हाकलून का देत नाही? आणि चांगल्यांच्या बाजूनं आपल्याला काही करता येतं का? बारावीपर्यंत जीवशास्त्र होतं, सविस्तर सांगितलंत तरी चालेल.

कृष्णाकाठ

ताई, मी सांगलीत मायक्रोबायोलॉजी शिकवते आणि हे जिवाणू माझ्या रोजच्या पाहण्यातले आहेत. उत्तर लांबणार, पण प्रश्नच तेवढा मोठा आहे.

आधी जागेचं बघू. माणसांच्या तोंडांत मिळून ७०० च्या आसपास जाती सापडल्या आहेत, पण कुणीही कुठंही राहत नाही. स्ट्रेप्टोकोकस सॅलिव्हॅरियस जिभेवर, मायटिस गालाच्या आतल्या बाजूला जास्त. सँग्विनिस, गॉर्डोनाय आणि म्यूटन्स यांना मात्र दातासारखा टणक पृष्ठभाग लागतो. म्हणजे बहुतेक नातलगांची गाठच पडत नाही. खरी चुरस दातावरच्या थरात.

तिथं दोन्हीकडे हत्यारं आहेत. दात सांभाळणारे सँग्विनिस आणि गॉर्डोनाय हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात. ब्लड अगारवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या रक्त घातलेल्या जेलीवर, त्यांच्या वसाहतीभोवती हिरवट कडा दिसते ती त्यामुळंच, पेरॉक्साइडनं हिमोग्लोबिन बदलतं. म्यूटन्सला ते सोसत नाही. पण म्यूटन्सही म्यूटासिन नावाची छोटी प्रथिनं सोडतो, आणि त्यांचा मारा मुख्यतः जवळच्या नातलगांवर चालतो.

हे मला मुलांना प्लेटवर दाखवायला फार आवडतं. सँग्विनिसचा थेंब आज ठेवायचा, त्याला खेटून म्यूटन्सचा थेंब उद्या. परवा बघावं तर म्यूटन्सचा गोल पुरा झालेला नसतो, सँग्विनिसकडची कड कापल्यासारखी सपाट. मधे कॅटालेज हे एन्झाइम टाकलं असेल तर पेरॉक्साइडचं विघटन होतं आणि गोल पुरा येतो. क्रम उलटा केला की म्यूटन्स सँग्विनिसला अडवतो. आणि दोघांना एकाच वेळी ठेवलं तर? दोघंही शेजारी शेजारी वाढतात. २००५ मध्ये या दोन जातींवरचा हाच अभ्यास प्रसिद्ध झाला: आधी आलेला मागून येणाऱ्याला थोपवतो, बरोबर आले तर नांदतात.

कारण हत्यार चालवायलाही परिस्थिती लागते. पेरॉक्साइड बनवायला ऑक्सिजन हवा, आणि थराच्या खोल भागात तो पोचतच नाही. म्यूटन्स आपली संख्या पुरेशी झाली का हे एका पेप्टाइडच्या इशाऱ्यावरून ओळखतो आणि मगच काही म्यूटासिन सोडतो. गॉर्डोनाय तो इशाराच तोडून टाकतो! इतक्या लहान जिवांत एवढी चढाओढ आहे हे दरवर्षी शिकवते, तरी दरवर्षी नव्यानं थक्क होते.

आता गूळ आणि बेदाणा. साखर घातलेल्या माध्यमात म्यूटन्स रात्रभर वाढवून नळी उपडी केली की पाणी निघून जातं, पण काचेला धरलेला पांढरा थर तसाच राहतो. सुक्रोजपासून, म्हणजे आपल्या नेहमीच्या साखरेपासून, तो ग्लुकन हा चिकट पदार्थ बनवतो आणि त्यानं स्वतःला दाताला चिकटवून घेतो. गुळात मुख्यतः सुक्रोजच असतं. बेदाण्यातली साखर वेगळी, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, तिचा चिकट थर होत नाही, पण आम्ल होतंच. एनॅमल, म्हणजे दाताचं वरचं टणक कवच, साधारण ५.५ पीएचच्या खाली विरघळायला लागतं. आम्ल वाढलं की सँग्विनिस मागं पडतो. म्यूटन्स मात्र पेशीत शिरलेलं आम्ल बाहेर फेकत ५ च्याही खाली काम करत राहतो. गोड खाल्ल्यावर काही मिनिटांत पीएच उतरतो आणि लाळेनं तो वर यायला अर्धा-पाऊण तास जातो. दर तासाला एक बेदाणा म्हणजे दिवसभर म्यूटन्सचंच हवामान. सँग्विनिस आणि गॉर्डोनायकडं एक उपाय असतो, आर्जिनिन या अमिनो आम्लापासून अमोनिया करून ते आम्ल मारतात, पण सारखं गोड येत राहिलं तर तो पुरा पडत नाही.

म्हणून तोंडातल्या जिवाणूंचे अभ्यासक फिलिप मार्श यांनी १९९४ मध्ये मांडलेलं मला पुरतं पटतं: परिस्थिती बदलली की आधीपासून तिथंच असलेल्यांचं प्रमाण बदलतं, आणि कीड ही त्या बदलाची खूण. निरोगी तोंडातही म्यूटन्स थोडा सापडतो.

दोन भावंडांतल्या फरकाचं एक संभाव्य कारण सांगते. अमेरिकेत बाळांचा पाठपुरावा केला तेव्हा सँग्विनिस ९ महिन्यांच्या सुमारास, पहिले दात फुटताना आला, म्यूटन्स बहुतेकांत दोन वर्षांच्या आसपास. ज्यांच्यात सँग्विनिस लवकर आणि भरपूर होता, त्यांच्यात म्यूटन्स उशिरा बसला.

साताऱ्याचा दंतवैद्य

मॅडमनी छान मांडलंय. मी क्लिनिकमधलं सांगतो. चार वर्षांचं मूल, फक्त वरचे पुढचे दात, हिरडीलगत: हे चित्र दिसलं की मी पहिल्यांदा रात्रीचं विचारतो. झोपताना गोड दूध पितो का? सारखं सर्दी-खोकल्याचं गोड सिरप चालू असतं का? झोपेत लाळ कमी होते. खालच्या पुढच्या दातांवर जीभ आणि लाळ असते म्हणून ते वाचतात, वरचे उघडे पडतात. थोरलीला ही सवय नसेल तर तेवढ्यानंही फरक पडतो.

फ्लोराइडची पेस्ट ३ वर्षांच्या पुढं वाटाण्याएवढी, त्याआधी तांदळाच्या दाण्याएवढी, आणि ब्रश मोठ्यांनी करून द्यायचा. खड्डे पडलेत ते आता घासून जाणार नाहीत, भरून घ्या. दुधाचेच दात म्हणून सोडू नका.

मिरजकर

दातांसाठी प्रोबायोटिक गोळ्या मिळतात म्हणे. मग थेट चांगला स्ट्रेप्टोकोकस तोंडात सोडला की झालं ना?

कृष्णाकाठ

मिरजकर, कल्पना जुनी आणि चांगली आहे. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात जॉन टॅग यांनी सॅलिव्हॅरियसचा के-१२ हा वाण शोधला. त्याच्या सॅलिव्हॅरिसिनमुळं घसा धरणारा पायोजेनिस दबतो. पण त्याचं घर जिभेवर आहे, दातावर नाही, आणि जिथं आधीच वस्ती भरलेली तिथं नवा वाण टिकणं अवघड. गोळ्या थांबल्या की बहुतेकांत तो हळूहळू कमी होतो.

फ्लोरिडात जेफ्री हिलमन यांनी म्यूटन्समध्येच बदल करून लॅक्टिक आम्ल न बनवणारा वाण तयार केला. त्याचं म्यूटासिन मूळच्या म्यूटन्सला हटवू शकतं. उंदरांत कीड कमी झाली, पण दंतवैद्यांच्या रोजच्या उपचारात ते आलेलं नाही.

आणि ‘चांगला’ हा शब्द जपून वापरावा. हाच सँग्विनिस रक्तात गेला आणि हृदयाची झडप आधीच बिघडलेली असली, तर तिथं जंतुसंसर्ग करतो.

तासगावची आई

खूप खूप आभार. रात्री दूध पिऊनच झोपतो, साखर घातलेलं. थोरलीला दूध कधी आवडलंच नाही. आजपासून दूध जेवणाबरोबर, आणि बेदाणे जेवणानंतर एकदाच, आजींशीही बोलले. एक शेवटचं: थोरलीच्या दातांवरचे जिवाणू धाकट्याला देता येतील का? आणि माझ्याकडून त्याला म्यूटन्स जात असेल तर चमचा वेगळा ठेवू का?

कृष्णाकाठ

थोरलीचा ब्रश त्याला देऊ नका. त्याच्या दातांवर जागा भरलेली आहे, आलेले जिवाणू टिकणार नाहीत, आणि सर्दी-खोकला मात्र जाईल. म्यूटन्स बहुतेक वेळा आईकडूनच बाळाला जातो हे खरं, पण चार वर्षांच्या मुलात तो येऊन गेलेला आहे, चमचा वेगळा करून आता फारसं हाती लागणार नाही. तुमच्या स्वतःच्या दाढांत कीड असेल तर ती भरून घ्या, त्यानं तुमच्या लाळेतलं प्रमाण उतरेल.

पुढची संधी दाढेची. सहा वर्षांच्या आसपास पहिली कायमची दाढ येते. कोरा पृष्ठभाग, आणि पुन्हा आधी कोण येतं याचीच चुरस. तोवर त्याच्या तोंडातलं आम्लाचं राज्य उतरलेलं असेल तर त्या दाढेवर बसणारी वस्ती वेगळी असेल.

साताऱ्याचा दंतवैद्य

बरोबर. दाढ पूर्ण वर आली की लगेच दाखवायला आणा. तिच्या खाचा खोल असतात, ब्रशचे केस आत जात नाहीत. सीलंट लावून त्या बुजवता येतात, दुखत नाही, भूलही लागत नाही. थोरलीच्या दाढा तर आलेल्याच असतील, तिच्याही त्याच दिवशी बघून घ्या.