दुरुस्तीनंतर होई आनचा जपानी पूल बघण्यासारखा उरलाय का?

मूळ पोस्ट
व्हिएतनामला जाऊन आले. होई आनचा छपराचा जपानी पूल २०,००० डोंगच्या नोटेवर आहे, त्यामुळे ओढ होतीच. २०२२च्या अखेरीस त्याचं काम काढलं, छपरासकट वरचा लाकडी सांगाडा उतरवून पुन्हा जोडला आणि ऑगस्ट २०२४मध्ये पूल खुला केला. माझं मत सरळ आहे: चारशे वर्षांचं वय पुसून टाकलंय. भिंती उजळ, छपराच्या कडा पांढऱ्याफेक. जुन्या फोटोंतली काळवंडलेली कौलं आठवून जीव हळहळला. जुन्या वास्तूला जुनं दिसू द्यायला काय हरकत होती?

प्रतिसाद १
अजिबात पटलं नाही. होई आनमध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबरात जवळपास दरवर्षी पुराचं पाणी रस्त्यांवर येतं, हा पूल तर ओढ्यावरच उभा आहे. लाकूड कुजलं होतं. छप्पर उतरवल्याशिवाय तुळयांचे सांधे तपासणार कसे? रंगही मनाने दिलेला नाही, उरलेल्या जुन्या रंगाच्या खुणा बघून दिला असं तिथल्या प्रशासनाने सांगितलंय. चार पावसाळे जाऊ द्या, शेवाळ आपोआप चढेल.
आणि वय कुठलं जपायचं? फ्रेंचांच्या काळात मोटारी जाव्यात म्हणून या पुलाची कमान सपाट केली होती. १९८६च्या दुरुस्तीत ती परत आणली. तुम्ही चढून-उतरून गेलात तो उंचवटासुद्धा दुरुस्तीमुळेच मिळालाय.

प्रतिसाद २
मला वेगळंच खटकतं. लोक जपानी वास्तुकला बघायला म्हणून तिथे जातात. १५९३च्या सुमारास जपानी व्यापाऱ्यांनी पूल बांधायला घेतला हे खरं, पण १७६३, १८१७, १८६५ अशा दुरुस्त्या होत गेल्या. आज आढ्यावर बसवलेल्या निळ्या-पांढऱ्या चिनीमातीच्या बश्या बघा, कौलं बघा, सगळा हात व्हिएतनामी आणि चिनी कारागिरांचा. जपान बघायचा तर जपानला जावं.

प्रतिसाद ३
मग जपानी काहीच नाही म्हणता? दंतकथा ऐका: जमिनीखाली एक अजस्र प्राणी आहे, डोकं भारतात, शेपूट जपानमध्ये, पाठ होई आनखाली. तो हलला की भूकंप. म्हणून त्याच्या पाठीवर पूल ठोकला. भूकंपाची ही धास्ती जपान्यांनी सोबत आणली. पुलाला लागून असलेल्या देवळात बुद्ध नाही, उत्तर दिशेचा रक्षक त्रान वू आहे, तोही संकटं आवरणारा. एका टोकाला माकडं, दुसऱ्या टोकाला कुत्री, राखणीला.
१६३५नंतर जपानने आपल्या लोकांना परदेशी जायला बंदी केली आणि इथली जपानी वस्ती ओसरत गेली. तरी गावाबाहेर भातशेतात १६४७मध्ये वारलेल्या तानी याजिरोबेई या व्यापाऱ्याची कबर आजही आहे. गावाने पूलही सांभाळला, कबरही. मला याचं फार अप्रूप वाटतं.

मूळ पोस्ट (उत्तर)
दुरुस्ती नको असं मी म्हणतच नाहीये. लाकूड बदला, पण कुठली तुळई जुनी आणि कुठली नवी हे पुलावरच लिहा. परदेशी माणसाला जुन्या गावाचं तिकीट १,२०,००० डोंग, म्हणजे चारशेच्या आसपास रुपये पडतं. तेवढी माहिती मिळायलाच हवी.

प्रतिसाद १
या मागणीला माझा पूर्ण पाठिंबा. रंगावरून मात्र मी हटणार नाही.