मदत हवी आहे: तिसऱ्या सिलिंडरचा स्पार्क प्लग अर्ध्यात अडकलाय, वर ऑईल साचलंय

नमस्कार मंडळी,

गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बॉनेट उघडं टाकून उभी आहे. तीन प्लग घरातल्या जुन्या ताटलीत आहेत, उरलेला एक निघायला तयार नाही. आठ दिवसांनी गणपतीला चिपळूणला जायचंय, म्हणून जरा घाईत लिहितोय.

गाडी सात सीटर एसयूव्ही, पेट्रोल, १.५ लिटर, चार सिलिंडर, टर्बो नाही. ६८ हजार किमी झालेत, प्लग पहिल्यापासूनचेच. गेल्या रविवारी ठाण्याहून नाशिकला येताना कसारा घाटात गाडी मिसिंग करायला लागली आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकू लागला. मित्राच्या ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) कोड आला पी०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाहीये. गॅरेजवाल्याने काही न उघडताच चारही प्लग, चारही कॉईल (प्रत्येक प्लगवर बसून त्याला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या) मिळून अठरा हजार सांगितले. म्हटलं, प्लग तर आपणही बदलू शकतो.

कॉईलचे १० नंबरचे बोल्ट काढले, सायकलच्या पंपाने प्लग बसतात त्या नळ्यांमधली धूळ उडवली, १६ नंबरचा प्लग सॉकेट लावला. एक, दोन आणि चार निघाले. तीनची कॉईल मात्र पचकन आवाज करत वर आली. तिचं रबर फुगलेलं, नळीत ऑईल. प्लग पाव फेरा फिरला, करकरला आणि थांबला. मीही थांबलो. बाबा गॅलरीतून बघतायत. काही बोलत नाहीयेत, तेच जास्त त्रासदायक आहे.

लांब दांडा लावून जोर देऊ का? आणि ऑईल आलंय म्हणजे इंजिनचं काम निघालं का?

रिंगपाना:
थांबलात ते उत्तम केलंत. जोर अजिबात देऊ नका. प्लग बसतो ते इंजिनचं हेड ॲल्युमिनियमचं आहे, आटे प्लगसोबत बाहेर येतील आणि मग अठरा हजार स्वस्त वाटतील. इंजिन पूर्ण गार होतं का?

आधी नळीतलं ऑईल काढा. इंजेक्शनच्या सिरिंजला बारीक नळी जोडून ओढून घ्या, उरलेलं लांब स्क्रूड्रायव्हरला कापड गुंडाळून टिपा. नाहीतर प्लग सुटला की सगळं पिस्टनवर जाईल. मग गंज सोडवायचा स्प्रे थोडासा मारा आणि रात्रभर विसरून जा. सकाळी गार इंजिनवर आधी केसभर आवळा, मग सोडवा. पुन्हा आवळा, पुन्हा सोडवा. करकर आली की मागे फिरायचं.

डिझेलप्रेमी:
वाचतोय. आमच्या गाडीला प्लगच नाहीत याचं आज पहिल्यांदा बरं वाटलं.

रिंगपाना:
@डिझेलप्रेमी, ग्लो प्लग आहेत की तुमच्याकडे. ते अडकले की या, आम्ही इथेच आहोत.

धागाकर्ता:
गार नव्हतं. भाजी घेऊन आलो आणि अर्ध्या तासात उघडलं. चूक कळली. सिरिंजने बरंच ऑईल निघालं, स्प्रे मारलाय. भोकांवर स्वच्छ कापड टाकून ठेवलंय.

घाटवाट:
ऑईल पाहून घाबरू नका, ते कुठे आहे ते बघा. प्लग निघाला की त्याचं खालचं टोक पाहा. ते कोरडं आणि बिस्किटासारखं तपकिरी असेल तर सिलिंडर ठणठणीत आहे. मग ऑईल वरून आलंय, म्हणजे टॅपेट कव्हरखाली (इंजिनच्या वरचं झाकण) प्लगच्या नळीभोवती असतं ते सील गेलंय. रबर कडक होतं आणि पाझरतं. टोकच काळं, ओलं, तेलकट असेल तर पिस्टनच्या रिंग किंवा व्हॉल्व्हच्या सीलकडे बघावं लागेल. तो वेगळा धागा.

माझा अंदाज पहिलाच. ऑईलने कॉईलचं रबर फुगतं, ठिणगी खाली जायच्या ऐवजी बाजूने पळते, घाटात लोड आला की मिसिंग. खात्री फुकटात होते: तीनची कॉईल एकवर टाका, एकची तीनवर. कोड पी०३०१ झाला तर दोष कॉईलचा. चारही कशाला बदलायच्या?

आणि लुकलुकता दिवा असताना पुन्हा घाट चढू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं. तो भाग महाग असतो.

धागाकर्ता (दुसऱ्या दिवशी सकाळी):
निघाला!! पाऊण तास पुढे-मागे, पुढे-मागे. आटे शाबूत. टोक कोरडं, तपकिरी, बाकी तिघांसारखंच. पांढऱ्या चिनी मातीवर मात्र उभी काळी रेघ आहे, पेन्सिलीने ओढल्यासारखी.

नवे इरिडियमचे आणलेत. टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच आवळता येणारा पाना) नाही माझ्याकडे. आणि गॅप (टोकाशी ठिणगी पडते ती फट) तपासू का?

घाटवाट:
ती रेघ म्हणजे ठिणगीची पळवाट. सापडला चोर.

इरिडियमची गॅप कंपनीतून लावून येते. टोक फार नाजूक, चकतीच्या गेजने उचकटू नका. बघायचीच तर तारेच्या गेजने नुसती बघा.

रिंगपाना:
प्लग नळीत टाकून देऊ नका, सॉकेटमध्ये धरून खाली न्या. सुरुवात रॅचेटच्या मुठीशिवाय, फक्त एक्स्टेन्शनचा दांडा बोटांत धरून. पहिले चार-पाच फेरे लोण्यासारखे गेले पाहिजेत. नाही गेले तर आटा तिरका लागलाय, काढून परत. वॉशर टेकल्यावर नव्या प्लगला साधारण अर्धा फेरा, नेमकं खोक्यावर छापलेलं असतं. आट्यांना ग्रीस लावू नका, लावलं की तेवढ्याच जोरात जास्त आवळलं जातं.

टॉर्क रेंच कुणाचा तरी मागून आणा, हे माझं खरं मत.

धागाकर्ता (संध्याकाळी):
रेंच मिळाला, चारही बसले. सुरू केल्यावर थोडा निळा धूर आला, मिनिटभरात गेला. कॉईल अदलाबदल करून रिंगरोडला चक्कर मारली: पी०३०१. एकच कॉईल मागवली.

टॅपेट कव्हरचं पॅकिंग आणि नळीची सीलं घरी बदलू की गॅरेजला देऊ?

रिंगपाना:
आधी पार्टच्या दुकानात विचारा. काही इंजिनांना ही सीलं सुटी मिळतात, काहींना कव्हरमध्येच बसवलेली असतात, मग अख्खं कव्हर घ्यावं लागतं. सुटी मिळाली तर घरी जमेल. बोल्ट आवळताना मधून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन टप्प्यांत, हलक्या हाताने. पण हे गणपतीनंतर करा. तोवर दोन-चार दिवसांनी तीनची नळी उघडून टिपत राहा, आणि चिपळूणला सिरिंज बरोबर घ्या.

धागाकर्ता:
सिरिंज डिकीत टाकली. बाबांनी विचारलं, स्कूटरचाही प्लग बघतोस का.