जिभेला न वळणारे नाव

कऱ्हाकाठ: काल येथे ‘धावफलक७४’ यांनी लिहिले की, २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या पोर्ट एलिझाबेथ या बंदराच्या शहराचे सुटसुटीत नाव बदलून जिभेला न वळणारे ‘गेबेऱ्हा’ देण्याची काहीच गरज नव्हती. हे वाचून राहवले नाही. ज्या एलिझाबेथ डॉन्किनचे नाव तिच्या पतीने १८२० मध्ये त्या बंदराला दिले, ती १८१८ मध्येच आपल्या मेरठला वारली होती. गेबेऱ्हा हे मात्र तिथल्याच बाकेन्स नदीचे जुने, खोएखोए या तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून आलेले नाव आहे.

धावफलक७४: मूळ खोएखोए असेल, पण स्वीकारलेले रूप खोसा भाषेतले आहे, हे आपण सोयीस्करपणे गाळलेत. मी तिथे दोन वर्षे नोकरी केली; माझे खोसाभाषक सहकारीही पोर्ट एलिझाबेथला ‘पी.ई.’च म्हणत. शिवाय त्याच देशातल्या ऑरेंज नदीला ‘गारिब’ म्हणा असा आग्रह धरणाऱ्यांना विचारावेसे वाटते की, ज्याचा अर्थ नुसता ‘नदी’ आहे, ते नाव कसे?

कऱ्हाकाठ: सिंधू या शब्दाचा अर्थही नदीच आहे. ‘ऑरेंज’ हे नाव तर डचांच्या नोकरीतल्या गॉर्डन या अधिकाऱ्याने १७७९ मध्ये डच राजघराण्यावरून दिले. त्सित्सिकामा, गौकामा, केस्कामा या दक्षिण आफ्रिकेतल्या नावांतला ‘कामा’ म्हणजे खोएखोए भाषेतले पाणी. नामिबियाची राजधानी विंडहुकच्या जुन्या नावातला ‘गाम्स’ही त्याच शब्दाचा, कारण तिथे उष्ण झरे होते.

जिव्हामूळ: मुळात ‘गेबेऱ्हा’ हे लेखनच इंग्रजी अक्षरांवरून झाले आहे. शेवटचा ध्वनी घशात घासून येणाऱ्या ‘ख’सारखा आहे आणि पहिला जीभ टाळूवरून सोडून काढायचा आहे. खोएखोए भाषेत असे चार मूळ ध्वनी आहेत. हळहळताना आपण ‘च्च च्च’ करतो तो त्यांपैकी एकाच्या जवळचा, आणि माझे आजोबा बैल हाकताना गालातून जो आवाज काढत, तो दुसऱ्याच्या. तेव्हा जीभ वळत नाही, असे कृपया म्हणू नका.

धावफलक७४: हळहळणे वेगळे आणि शब्दाच्या ओघात तो ध्वनी बसवणे वेगळे! मी दोन वर्षे प्रयत्न केला आणि शेजारचे तीन वर्षांचे मूल मला हसत असे. आळसाचा आरोप मी सहन करणार नाही.

कऱ्हाकाठ: माझ्या आडनावातल्या ‘ळ’चा दिल्लीच्या कार्यालयात अकरा वर्षे ‘ल’ होत राहिला आणि मी रोज दुरुस्त करत राहिलो. तेवढ्यासाठी मी आडनाव बदलावे, असे आपण म्हणाला असतात का?

धावफलक७४: नसतो म्हणालो. मेरठच्या बाईंचे नाव गेल्याचे दुःख मी आवरतो आणि यापुढे ‘गेबेखा’ लिहितो. तिथल्या मित्रांशी बोलताना मात्र ‘पी.ई.’च म्हणेन, कारण तेही तेच म्हणतात.

जिव्हामूळ: ‘गेबेखा’तही पहिला ध्वनी चुकलाच आहे.