मदत हवी आहे: थायमस काढल्यावर टी पेशी कुठून येतात?

नमस्कार मंडळी. माझी भाची चार महिन्यांची असताना तिच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. छातीच्या हाडामागची थायमस ग्रंथी आड येते म्हणून ती बरीचशी काढली. आता पोर सहा वर्षांची आहे, छातीवर पांढरी रेघ, दिवसभर हुंदडते. पण ताईची काळजी जात नाही.

टी पेशी म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी. त्यांचं मूळ अस्थिमज्जेत, पण त्या घडतात थायमसमध्ये, आणि तिथे निकामी किंवा शरीरावरच उलटणाऱ्या पेशी गाळणाऱ्या चाळणीत बहुतेक मरतात, एवढं वाचलंय. मोठ्यांमध्ये थायमस आक्रसते, मग आधीच्याच पेशी विभागून संख्या टिकवतात. पण इतक्या लहानपणीच ग्रंथी गेली, तर नवे जंतू ओळखणाऱ्या पेशी पुरतात का? उरलेला तुकडा वाढतो का?

कुणाच्या मुलाचं असं झालं असेल तर कोणती रक्ततपासणी केली, कोणत्या प्रकारच्या डॉक्टरांना दाखवलं, कृपया सांगा.